रिफंडला कावळा शिवेना

बोईसर स्टेशनवर दोन ओळखीची माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "आला का?" काय आला, ते महिन्यावरून समजून घ्यायचं. मे महिन्यात टँकर, जूनमध्ये पाऊस, दिवाळीच्या तोंडावर बोनस. हल्ली मात्र गणपती उठले की पुढचे चार-सहा महिने हा प्रश्न एकाच गोष्टीबद्दल असतो, इन्कम टॅक्सच्या रिफंडबद्दल. समोरच्याने "आला की!" म्हटलं तर विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. "नाही ना अजून," म्हटलं तर तो मायेने खांद्यावर हात टाकून चहाला नेतो.

तसा रिफंड हा आपलाच पैसा. पगारातून, ठेवीच्या व्याजातून, जॉबवर्कच्या बिलातून जरा जास्त कापला गेला, म्हणून परत येणारा. पण पगारातून दोनशे रुपये खर्च करताना दहादा विचार करणारा माणूस रिफंडचे पैसे सासऱ्याने दिल्याच्या थाटात उडवतो. आमच्याकडे रिफंडवर बायकोच्या माहेरी फ्रीज गेल्याचं उदाहरण आहे. माझा स्वतःचा रिफंड चार माणसांच्या नाश्त्याएवढा असतो आणि वेळेवर येतो, त्यामुळे या विषयावर मला तटस्थपणे बोलता येतं. लोक मात्र माझ्याशी बोलत नाहीत.

न्यायाने बोलायचं तर बहुतेकांचा रिफंड लवकरच येतो. रिटर्न हातावेगळं करायला २०१३-१४ मध्ये सरासरी ९३ दिवस लागत, ते आता १० दिवसांवर आलं आहे, असं निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगितलं होतं. घात झाला तो इथेच. सगळ्यांनाच ९३ दिवस लागत होते तेव्हा कुणाचीच झोप उडत नव्हती. आता समोरच्या बिल्डिंगमधल्याला आठवड्यात मिळतो आणि आपल्याला दिवाळी उलटली तरी नाही. सरासरी नावाची गोष्ट नेहमी शेजाऱ्यालाच लागू पडते.

"सरकारी काम, सहा महिने थांब" ही म्हण रचणारा माणूस आशावादीच म्हणायचा. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते वर्ष संपल्यावर पुढे नऊ महिन्यांपर्यंत विभाग तुमच्या हिशोबाचं उत्तर कळवू शकतो, असं कायदा सांगतो. म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नचं उत्तर ३१ डिसेंबर २०२६ ला आलं तरी ते वेळेत आलं. तक्रार करायला जावं तर उशीर झालेलाच नसतो.

त्यातून २०२५ चा हंगाम काही वेगळाच होता. ३१ जुलैची मुदत वाढवून १५ सप्टेंबर केली, आणि १५ च्या रात्री उशिरा, निम्मा महाराष्ट्र लॅपटॉपसमोर जागा असताना, आणखी एक दिवस दिला. आमच्या शेजारी अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "अरे, हा अख्खा आठवडा पितृपक्षाचा आहे. या रिटर्नला कावळा शिवायला वेळ लागणार. कुणाची काही इच्छा राहिली असेल तर ती आधी बोलून टाका." इच्छा कुणाची राहिली होती ते पुढे डिसेंबरात कळलं. त्याकडे येतोच.

मला या सगळ्यात गंमत वाटते ती ओळखीची. सरकार पैसे घेताना ओळखीवर अडून बसत नाही. ठेवीच्या व्याजावर कर कापायचा आहे आणि बँकेत पॅन दिलेलं नाही, तर कर कापायचा थांबतो का? छे. १० टक्क्यांच्या जागी २० टक्के कापतात. फॅब्रिकेशनचं छोटं काम घेणाऱ्याच्या बिलातून एरवी १ टक्का जातो, पॅन नसेल तर तिथेही २०. तुम्ही कोण आहात हे ठाऊक नाही, म्हणून जरा जास्तच द्या. अनोळखी माणसाकडून इतक्या मोकळ्या मनाने पैसे घेणारं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

द्यायची वेळ आली की मात्र तेच सरकार चष्मा कपाळावर चढवून विचारतं, "आपण?" आधार आणि पॅन जोडलं का? बँकखातं प्रमाणित केलं का? दोन्हीकडचं नाव एकच आहे का? आधारला न जोडलेलं पॅन १ जुलै २०२३ पासून 'निष्क्रिय' ठरलं. अशा पॅनवर कापाकापी चालू, तीही वरच्या दराने. रिफंड मात्र बंद, आणि बंद काळाचं व्याजही नाही. जागं करायचं तर हजार रुपये दंड. इतकं कामसू निष्क्रियपण आमच्या ग्रामपंचायतीलाही जमलेलं नाही.

आणि "आपण कोण?" हा प्रश्न पालघर जिल्ह्यातल्या माणसाला विचारायचा म्हणजे धाडसच. वास्तविक ओळख पटवण्याचा आम्हाला केवढा सराव! १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं तेव्हापासून इथली माणसं गेटवर पास दाखवत आली आहेत. आत काम करणाऱ्याच्या छातीवर एक बॅज असतो. शरीराला किती किरणं लागली याची नोंद त्यावरून ठेवतात. आमच्या काकांच्या अंगाला नोकरीभरात किती किरणोत्सर्ग लागला याचा हिशोब दप्तरी बिनचूक आहे. त्याच काकांचं नाव पॅनवर एक, आधारवर दुसरं आणि पेन्शनच्या खात्यावर तिसरं आहे. दर नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला देतात. २०२१ पासून तो मोबाईलसमोर चेहरा धरूनही देता येतो. काका म्हणतात, "नोव्हेंबरात मी जिवंत आहे हे पटतं, डिसेंबरात मी मीच आहे हे पटत नाही."

पत्त्याचं तर विचारूच नका. एमआयडीसी तारापूरची, पण ती बोईसरला. अणुऊर्जा केंद्र तारापूरचं, त्याची वसाहत पुन्हा बोईसरची. तारापूर हे खाडीकाठचं जुनं गाव बिचारं आपला किल्ला सांभाळत बाजूला बसलेलं. त्यात १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा निघाला. आधार कार्डं त्याआधीच निघाली होती. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. त्यामुळे चार वर्षांत आमच्याकडे घराघरात 'जि. ठाणे' छापलेली कार्डं येऊन पडली होती. एका खिडकीवरचा संवाद मी या कानांनी ऐकला आहे.

"आजोबा, तुम्ही ठाण्याहून पालघरला कधी शिफ्ट झालात?"

"१ ऑगस्ट २०१४ ला. झोपेतच."

केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. तिथल्या लोकांना मूळ गाव विचारलं तर ते कुंपणाच्या आत बोट दाखवतात. तिथे विनोद करायची माझी हिंमत नाही.

आडनावांकडे वळू. आमच्या किनाऱ्यावर सावे आडनावाची बरीच घरं आहेत. मराठीत सरळ, साधं आडनाव. इंग्रजी फॉर्मवर उतरलं की बाहेरगावचा कारकून त्याचं 'सेव्ह' करतो. एका सावेकाकूंना मुंबईच्या कॉल सेंटरमधल्या मुलीने "मिसेस सेव्ह, प्लीज होल्ड" म्हटलं, तेव्हा काकूंनी विचारलं, "काय धरू?" राऊत इंग्रजीत लिहायच्या निदान तीन तऱ्हा मी पाहिल्या आहेत, आणि एकाच घरातल्या तीन भावांनी त्या वाटून घेतलेल्याही पाहिल्या आहेत. वडिलांच्या मिळकतीची वाटणी झाली नाही, स्पेलिंगची झाली.

शिवाय मराठी नाव तीन मजली. आपलं, वडिलांचं, आडनाव. पॅनच्या फॉर्ममध्ये आडनाव आधी मागतात, आधारवाल्याने सरळ लिहिलेलं, बँकेत जागा पुरली नाही म्हणून वडिलांचं एक अक्षर ठेवून वर टिंब. बायकांची तर आणखी तऱ्हा. लग्नात मधलं नाव बदलतं, शेवटचं बदलतं, आणि सासूबाईंच्या हौसेने तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलंही बदलतं. मग शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी, आणि ठेवीच्या व्याजातून कापलेला कर परत मागते ती तिसरी. उलट बाजूला एमआयडीसीत बिहार-यूपीहून आलेले कामगार. त्यांच्यातल्या कित्येकांना आडनावच नाही, आणि आडनावाची चौकट रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे सरकत नाही. मग चौकटीत जे सुचेल ते बसतं.

हे दुरुस्त करता येत नाही असं नाही. बँक म्हणते, आधार आणा. आधार केंद्र म्हणतं, पॅन चालेल, पण त्यावर नाव बरोबर पाहिजे. पॅनवाले म्हणतात, आधारवर असेल तेच नाव देऊ. तीन कागद एकमेकांची साक्ष काढतात, आणि तिघांनाही ज्याने आणलं तो माणूस समोर हयात उभा असतो. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही.

जन्मतारीख हा आणखी एक ऐवज. आमच्या मागच्या पिढीतली अर्धी माणसं १ जूनला जन्मली आहेत. त्यात ग्रहांचा काही संबंध नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांना तारीख हवी होती आणि आईला फक्त "आंबे उतरवत होते तेव्हाचा" एवढंच आठवत होतं. मास्तरांनी १ जून टाकून दोघांचीही सोय केली. पुढे आधारच्या वेळी ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांच्या कार्डावर नुसतं सालच छापलं गेलं. पॅन-आधार जोडायच्या पानावर तर "माझ्या आधारवर फक्त जन्मसाल आहे" अशी टिक करायची चौकटच दिली होती. ती चौकट ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला मी मनोमन नमस्कार करतो. त्याच्या घरी नक्की कुणीतरी १ जूनचं असणार.

हिशोबाचं उत्तर ईमेलने आलं तरी फाईलला कुलूप. पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख. कुठली? पॅनवरची. काकूंनी शाळेची घालून पाहिली, पत्रिकेची घालून पाहिली, शेवटी काकांची घातली. एवढं करून आत काय, तर "आपलं रिटर्न तपासून पूर्ण झालं, देय रक्कम शून्य."

बोटांचे ठसे ही स्वतंत्र शोकांतिका. चिंचणीकडे दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर आहेत, दिवसभर पोलादावर कानस चालवणारे. एमआयडीसीत रसायनांच्या पिंपांत आयुष्य गेलेले कामगार आहेत. सातपाटी-मुरब्याच्या बायका बर्फात हात घालून पापलेट निवडतात. या हातांवर रेषा राहायला जागाच नाही. यंत्र लाल दिवा दाखवतं, चालवणारा पोरगा म्हणतो, "मावशी, बोट पुसून ठेवा." मावशी पदराला पुसते. "जोरात दाबा." ती दाबते. "आता हलकं." शेवटी तो डोळ्यांवर येतो. चाळीस वर्षं काम केल्याचा याहून ठळक पुरावा कुठला, पण यंत्राला तो वाचता येत नाही.

ओटीपी तर घराघरातला आहे. आधारला जोडलेला नंबर २०१२ सालचा, ते सिम भाच्याकडे, आणि भाचा डहाणू लोकलमध्ये. त्याला फोन लावायचा, त्याने सहा आकडे वाचायचे, आणि नेमकी तेव्हाच गाडी वैतरणेच्या पुलावर यायची. "चार... सात... हॅलो? ... हॅलो?" सफाळ्याला आवाज परत येतो तेव्हा आकडे शिळे झालेले असतात. तरी हे बरं. पूर्वी रिटर्नच्या पोचपावतीवर निळ्या शाईने सही करून ती बंगळुरूला पाठवावी लागे. साध्या टपालाने किंवा स्पीड पोस्टने. कुरिअरने पाठवली तर घेत नसत. मुदत १२० दिवसांची होती, ऑगस्ट २०२२ पासून ती ३० दिवसांवर आली. आजही भरलेल्या रिटर्नची पडताळणी राहिली तर ते रिटर्न भरलेलंच नाही असं धरतात. महिनोन्‌महिने "आला नाही, आला नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींनी मुळात हे शेवटचं बटणच दाबलेलं नसतं. त्यांना हे सांगायला जाऊ नका. त्यांना रिफंडपेक्षा सरकारबद्दलची तक्रार जास्त प्रिय झालेली असते.

आता त्या राहिलेल्या इच्छेबद्दल. २०२५ मध्ये बऱ्याच जणांचे रिफंड थांबले ते विभागाच्या आळसामुळे नाही. एमआयडीसीच्या नाक्यावर जून-जुलैत काही सद्गृहस्थ प्रकट होतात. फॉर्म १६ हातात पडला रे पडला की हे हजर. "कापलेला सगळा टॅक्स परत काढून देतो. त्यातले इतके टक्के माझे." मग अख्ख्या शिफ्टला एकाएकी दानशूरपणा येतो. आयुष्यात गणपतीची वर्गणी एकावन्नवरून एकशे एक करताना भांडलेला माणूस अशा एका राजकीय पक्षाला पन्नास हजारांची देणगी देतो, ज्याचं नाव त्याने कधी मतदान यंत्रावरही पाहिलेलं नाही. स्वतःच्या घरात राहणारा घरभाडं भरू लागतो. धडधाकट माणूस अपंगांची सवलत घेऊन संध्याकाळी क्रिकेट खेळतो.

हे फक्त आमच्याकडेच नव्हतं. १४ जुलै २०२५ ला प्राप्तिकर विभागाने देशभरात दीडशेवर ठिकाणी अशा मध्यस्थांची झडती घेतली, त्यात महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते. नोव्हेंबरात प्रत्यक्ष कर मंडळाचे अध्यक्ष रवी अग्रवाल यांनी चुकीच्या वजावटी तपासणं चालू असल्यामुळे रिफंडला वेळ लागतोय असं सांगितलं. डिसेंबरात मोबाईलवर संदेश आले. आपल्या दाव्यात शंका आहे, ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न सुधारा. कावळ्याचं अडलं होतं ते इथे. नाक्यावरचे सद्गृहस्थ तोवर गावी गेले होते आणि त्यांचा फोन "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" होता. माझं मत विचाराल तर त्या पन्नास हजारवाल्यांबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. वाईट वाटतं ते त्याच चाळणीत अडकलेल्या खऱ्या देणगीदाराचं. त्याने शाळेला दिलेले पाच हजार पावतीसह खरे, आणि संशयाची नजर मात्र सारखीच.

तपासणारा कोण, हे विचारायचं नाही. ऑगस्ट २०२० पासून तपासणी 'बिनचेहऱ्याची' झाली आहे. अधिकारी देशात कुठेही बसलेला असू शकतो, तुम्हाला तो दिसत नाही, त्याला तुम्ही दिसत नाही. आम्ही चेहरा, बोट, बुबुळ सगळं दिलं, समोरून साधं नावही नाही. तरी मी या पद्धतीच्या बाजूचा आहे. चेहरा असलेल्या काळात त्या चेहऱ्याला चहापाणी लागायचं.

कधीकधी रिफंड येता येता जुन्या थकबाकीत वळता होतो. सगळ्यात खुमासदार भाग हाच. २०२४ च्या त्याच अर्थसंकल्पात सांगितलं गेलं की दप्तरी पडून असलेल्या छोट्या थकबाक्यांपैकी काही थेट १९६२ सालच्या आहेत आणि त्यांच्यामुळे नंतरच्या वर्षांचे रिफंड अडतात. १९६२! तारापूरला अणुभट्टी नव्हती, बोईसरला कारखाने नव्हते, महाराष्ट्र राज्य जेमतेम दोन वर्षांचं होतं. २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि त्यापुढे २०१४-१५ पर्यंतच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या सोडून दिल्या. सुमारे एक कोटी लोकांना फायदा होईल असं तेव्हा म्हटलं होतं. काकांना कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बासष्ट सालच्या माणसाची ओळख कशी पटवली असेल?"

ओळख न पटवता झटपट रिफंड देणारेही आहेत. "आपला १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खातं तपासण्यासाठी लिंक दाबा," असा संदेश २०२३ मध्ये देशभर फिरला, आणि तो खोटा असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावं लागलं. ज्यांनी कधी रिटर्न भरलेलं नाही त्यांनाही तो आला होता. नाव विचारलं नाही, स्पेलिंग विचारलं नाही, १ जूनची खात्री केली नाही. एवढी सौजन्याची वागणूक मिळाली की तिथेच सावध व्हावं. प्राप्तिकर विभाग फोनवर किंवा संदेशातून ओटीपी, पिन, पासवर्ड मागत नाही. ज्या भाच्याकडे सिम आहे त्यालाही हे सांगून ठेवा.

जाता जाता थोडं कामाचं. पॅन, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणचं नाव पुढच्या जूनच्या आत एकसारखं करून घ्या. भाच्याकडून सिम परत घ्या. रिटर्न भरलं की त्याच दिवशी पडताळणीचं बटण दाबा. आणि रिफंडला उशीर झालाच तर फार जीव जाळू नका, कारण त्यावर महिना अर्धा टक्का व्याज मिळतं. रिटर्न मुदतीत भरलेलं असेल तर ते निर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून धरतात. रिफंडची रक्कम तुमच्या एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर मात्र काही नाही. हे व्याज करपात्र आहे. पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्ना'त ते दाखवायचं असतं. दाखवलं नाही, तर आकडे जुळत नाहीत म्हणून त्या वर्षीचा रिफंड अडकतो.